डोपामाइनचा तो तक्ता : १५०, २००, १०००... हे आकडे नेमके कशाचे?

त्रिज्या
नमस्कार मंडळी. व्यसनावरच्या जवळपास प्रत्येक व्याख्यानात आणि चित्रफितीत एक तक्ता हमखास येतो. अन्न १५०, समागम २००, निकोटिन २२५, कोकेन ३५०, अ‍ॅम्फेटामिन १००० च्या वर. खाली ओळ : ‘डोपामाइन, म्हणजेच आनंदाचे रसायन, इतके टक्के वाढते’. व्यसनमुक्तीच्या एका माहितीपत्रिकेसाठी हाच तक्ता घ्यावा असा आमच्या मंडळाचा आग्रह आहे, आणि माझा त्याला विरोध आहे. माझ्या मते आकडे अर्धवट आहेत आणि खालची ओळ तर सपशेल चूक आहे.

प्रश्न दोन. हे आकडे मोजले कसे? आणि ‘आनंदाचे रसायन’ काढून टाकले तर त्या जागी काय लिहायचे? जाणकारांनी तपशिलात लिहावे, घाई नाही.

रिकामा कप्पा
वाचतोय. बसायला जागा धरून ठेवली आहे.

पिपेट
पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, जरा लांबेल.

हे आकडे उंदरांचे आहेत. तेही जिवंत, हिंडत्याफिरत्या उंदरांचे, आणि मेंदूच्या एकाच भागातले : न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स. पद्धत मायक्रोडायलिसिस. व्यसन लावणारे पदार्थ या भागातले डोपामाइन वाढवतात हे दी कियारा आणि इम्पेराटो यांनी १९८८ मध्ये याच पद्धतीने दाखवले, आणि पुढचे बहुतेक आकडे त्याच वाटेने आले.

कृती अशी. टोकाला एक-दोन मिलिमीटर अर्धपार्य पडदा असलेली बारीक नळी मेंदूत बसवायची. जखम निवळायला निदान एक रात्र जाऊ द्यायची. मग नळीतून कृत्रिम मस्तिष्कद्रव मिनिटाला १ ते २ मायक्रोलिटर या संथ गतीने सोडायचा. बाहेरचे डोपामाइन पडद्यातून झिरपून आत येते. दर १० ते २० मिनिटांचा द्रव एका कुपीत जमा होतो. कुपीत आधीच थोडे आम्ल हवे, नाहीतर डोपामाइनचे ऑक्सिडेशन होते आणि यंत्रापर्यंत काही पोचतच नाही. पुढे एचपीएलसी या द्रवातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर विद्युत-रासायनिक डिटेक्टरने मोजणी.

घोटाळे कुठे होतात?

पहिला घोटाळा कॅल्शियमचा. मेंदूतल्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असते. जुन्या प्रयोगांत कित्येकदा याच्या दुपटीहून जास्त कॅल्शियमचा द्रव वापरला जाई. कॅल्शियम वाढले की चेतापेशी डोपामाइन जास्त सोडते, पायारेषाच (पदार्थ देण्याआधीची पातळी) वर सरकते आणि टक्केवारी बदलते. दुसरा गतीचा. द्रव जितका वेगाने सोडाल तितके कमी डोपामाइन नळीत येते. तिसरा म्हणजे ते डोपामाइन खरोखर पेशींनी सोडलेले आहे की जखमेतून गळणारे? याची कसोटी म्हणजे द्रवात टेट्रोडोटॉक्सिन घालणे. त्याने पेशींचे विद्युत्संदेश थांबतात. आकडा कोसळला तर पायारेषा खरी. अ‍ॅम्फेटामिनने वाढलेले डोपामाइन मात्र या कसोटीला दाद देत नाही, कारण ते वाहकप्रथिन (डोपामाइन पेशीत परत ओढणारे) उलटे फिरवून डोपामाइन बाहेर ओतते, विद्युत्संदेशाची वाट बघत नाही.

म्हणजे तक्त्यात शेजारी उभे असलेले स्तंभ वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले, वेगवेगळ्या मात्रांचे, आणि एक टोचून दिलेला तर दुसरा स्वतः खाल्लेला. अ‍ॅम्फेटामिनची मात्रा दुप्पट करा, स्तंभ कागदाबाहेर जाईल.

फिरकी
म्हणजे एकाची उंची वितीत मोजली, दुसऱ्याची हातात, आणि मग शर्यत लावली.

अर्धविराम
शिवाय १५० म्हणजे ‘१५० टक्क्यांनी वाढ’ नव्हे. पायारेषा १०० धरली आहे. अन्नाची वाढ ५० टक्के, समागमाची १००. हे निम्म्या व्याख्यात्यांना माहीत नसते.

त्रिज्या
@पिपेट, हेच हवे होते. @अर्धविराम, ही चूक माझ्याही नजरेतून निसटली असती.

सूक्ष्मतार
पिपेट यांच्या प्रतिसादाला पुरवणी. दहा मिनिटांची कुपी म्हणजे दहा मिनिटांची सरासरी. पण बक्षिसाची चाहूल देणारा संकेत दिसल्यावर डोपामाइनची जी उसळी येते ती एक-दोन सेकंदांत येऊन जाते. कुपीत ती विरघळून जाते. त्यासाठी वेगळी पद्धत आहे, फास्ट-स्कॅन सायक्लिक व्होल्टॅमेट्री.

सात मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा तंतू, काचेबाहेर शंभरेक मायक्रोमीटर उघडा. त्यावर उणे ०.४ व्होल्टपासून अधिक १.३ पर्यंत आणि परत, सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने दाब फिरवायचा. एका फेरीला साडेआठ मिलिसेकंद, सेकंदाला दहा फेऱ्या. अधिक ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास डोपामाइनचे ऑक्सिडेशन होते आणि परतीच्या वाटेवर उणे ०.२ च्या सुमारास उलटी क्रिया. हा जोड-उंचवटा म्हणजे डोपामाइनचा अंगठा, पण ठसा जुळला म्हणून माणूस तोच असे नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा ठसा हुबेहूब असाच असतो, म्हणून तंतू कुठल्या भागात आहे हे नंतर मेंदूचे काप करून पाहावेच लागते. आम्लता बदलली तरी खोटे उंचवटे येतात.

मुख्य मर्यादा अशी की तंतूवरचा पार्श्वप्रवाह डोपामाइनच्या प्रवाहापेक्षा कैक पट मोठा असतो. तो वजा करावा लागतो, आणि तोही हळूहळू सरकत असतो, त्यामुळे मिनिट-दीड मिनिटापलीकडे तुलना करता येत नाही. ही पद्धत ‘किती वाढले’ सांगते, ‘मुळात किती आहे’ सांगत नाही. मायक्रोडायलिसिसचे नेमके उलटे.

२०१८ पासून डीलाइट आणि ग्रॅब-डीए हे प्रकाश देणारे संवेदक आले. डोपामाइन चिकटले की प्रथिन चमकते. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश संकेतासाठी, ४०५ ते ४१५ चा ताळ्यासाठी. ताळ्याची वाहिनी न लावता काढलेले आलेख दिसले तर सरळ पान उलटावे. उंदराने मान हलवली तरी केबल हलून ‘डोपामाइन’ वाढते.

फिरकी
मान हलवली की डोपामाइन वाढते, ही नवीन उपचारपद्धती मी आजपासून सुरू करतोय. हलके घ्या.

शंखनाद
मोजमाप झाले, आता अर्थाकडे या. ‘आनंदाचे रसायन’ ही समजूत १९५४ च्या ओल्ड्स आणि मिल्नर यांच्या प्रयोगापासून रुजली. उंदराच्या मेंदूत विद्युत्तार, दांडी दाबली की झटका, आणि उंदीर तासात शेकडो वेळा दांडी दाबतो. लोकांनी ताडले, याला मजा येत असणार. पण दांडी दाबणे एवढेच दिसले होते. मजा हा आपला तर्क.

तो तर्क मोडला केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी. ६-हायड्रॉक्सीडोपामाइन या डोपामाइन पेशी मारणाऱ्या विषाने उंदराच्या स्ट्रायटममधले (न्यूक्लिअससह मेंदूचा हा मोठा भाग) ९८-९९ टक्के डोपामाइन संपवले. असा उंदीर समोर अन्न असूनही खात नाही, नळीने भरवावे लागते. पण जिभेवर साखरपाण्याचा थेंब टाका : तो ओठ चाटतो, जीभ बाहेर काढतो, अगदी धडधाकट उंदरासारखाच. क्विनाइनचा कडू थेंब टाकला तर तोंड वासतो. म्हणजे गोडी शाबूत, ओढ गेली. उलट अ‍ॅकम्बन्सच्या कवचात (बाहेरच्या भागात) घन मिलिमीटरभर जागेत अफूवर्गीय रेणू सोडला की गोडीचे चाळे वाढतात. गोडीचे रसायन शोधायचेच असेल तर तिकडे शोधा.

मराठीत यासाठी शब्द आयतेच आहेत : ओढ आणि गोडी. तिसरा त्याहून सरस, तलफ. तलफ आलेला माणूस मजेत असतो असे कोणी म्हणत नाही.

मृदगंध_०७
सहमत. ‘तलफ’ अगदी नेमका शब्द.

दशांश
थोडा विरोध नोंदवतो. ‘ओढ’ म्हणणे तरी कितपत बरोबर? वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांकडे पाहा. रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की डोपामाइन पेशी धडाधड संदेश देतात. दिव्यानंतर रस हे शिकून झाले की धडाका दिव्याकडे सरकतो, रसाला काहीच प्रतिसाद नाही. दिवा लागला पण रस आला नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी पेशी गप्प होतात. १९९७ च्या लेखात शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचे गणित मांडले : अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातला फरक. हे शिकण्याचे रसायन आहे. २०१३ मध्ये उंदरांत ऐन मोक्याच्या क्षणी डोपामाइन पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर एरवी जे शिकले गेले नसते तेही ते शिकले.

एक बारकावा : या पेशी एरवी सेकंदाला तीन ते पाच संदेश देतात. वाढायला भरपूर वाव, घटायला शून्यापर्यंतच. म्हणून सुखद धक्का जितका ठळक नोंदला जातो तितकी निराशा नोंदली जात नाही.

यावरून व्यसनाचे स्पष्टीकरणही निघते. रस ओळखीचा झाला की फरक शून्य होतो. कोकेन मात्र वाहकप्रथिन अडवून दर वेळी डोपामाइन वाढवतेच, म्हणून मेंदू दर वेळी ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ अशीच नोंद करतो.

शंखनाद
@दशांश, ते स्पष्टीकरण देखणे आहे पण तपासणीत लंगडे पडले. फरक कधीच शून्य होत नसेल तर कोकेनशी आधी एक संकेत जोडल्यावर सोबत आणलेला दुसरा संकेतही शिकला जायला हवा. २००७ मध्ये पॅनलिलिओ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर नेमके हेच तपासले. दुसरा संकेत अडला, म्हणजे शिकला गेलाच नाही, अन्नाच्या बाबतीत अडतो तसाच.

आणि ओढ की शिकणे, यात एकच निवडायची सक्ती कुणी केली?

दशांश
मान्य, ‘दर वेळी’ हा शब्द मागे घेतो. बाकी ठाम.

काठावरचा
माणसांतला पुरावा कुणी का देत नाही? पार्किन्सनमध्ये प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल देतात. ही औषधे डोपामाइनच्या डी-२ गटातल्या ग्राहींवर (रिसेप्टर), विशेषतः डी-३ वर, थेट बसतात. तीन हजारांवर रुग्णांच्या डॉमिनियन अभ्यासात, २०१० साली, अशी औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत जुगार, बेसुमार खरेदी, अतिखाणे किंवा लैंगिक अतिरेक यांपैकी काही ना काही आढळले. न घेणाऱ्यांत ६.९. यातले कित्येक जण सांगतात की त्यात मजा नाही, पण थांबता येत नाही. शंखनाद यांची ‘ओढ’ याहून स्वच्छ कुठे दिसणार?

व्यवहारातली गोष्ट : अशा रुग्णाला नुसते ‘काही त्रास?’ विचारून भागत नाही. जुगार, खरेदी, खाणे, लैंगिक वर्तन असे चारही प्रश्न नाव घेऊन विचारावे लागतात, आणि घरच्यांनाही. गोळी एकदम बंद करू नये, चिंता, घाम, खिन्नता असा तिचा स्वतंत्र विथड्रॉवल (औषध सुटल्याचा त्रास) असतो. हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत.

पूर्वपक्ष
पण ‘व्यसनी माणसात डोपामाइनचे ग्राही कमी असतात’ हे तर स्कॅनवर दिसते ना? मग व्यसनाने मेंदू बिघडतो हे सिद्धच झाले.

पिपेट
@पूर्वपक्ष, अर्धेच. तो स्कॅन म्हणजे पेट (किरणोत्सर्गी रेणू मेंदूत कुठे बसतो हे दाखवणारा), इथे कार्बन-११ लावलेल्या रॅक्लोप्राइडचा. कार्बन-११ चा अर्धायुकाल २० मिनिटे, म्हणून सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा आणि रसायनशास्त्रज्ञाला घड्याळाशी झुंजत काम करावे लागते. रॅक्लोप्राइड डी-२ आणि डी-३ वर बसते, पण त्या जागेसाठी शरीराचे स्वतःचे डोपामाइनही स्पर्धेत असते. संकेत कमी दिसला तर ग्राही कमी आहेत, की डोपामाइनने जागा व्यापली आहे? एका स्कॅनवरून सांगता येत नाही.

कारण आधी की परिणाम आधी, याचे उत्तर माकडांवर मिळाले. एकेकटी ठेवलेली माकडे गटात ठेवली. जी वरचढ ठरली त्यांच्यात डी-२ चा संकेत वाढला आणि त्यांनी कोकेन कमी घेतले. हा २००२ चा अभ्यास. पुढे २००६ मध्ये दिसले की आधीच संकेत कमी असलेली माकडे कोकेन जास्त घेतात, आणि कोकेन घेतल्यावर तो आणखी घसरतो. दोन्ही बाजू खऱ्या.

मृदगंध_०७
अवांतर : डोपामाइनची रक्ततपासणी करून ‘तुमचे डोपामाइन कमी आहे’ असे सांगतात, त्याचे काय?

काठावरचा
काही नाही. डोपामाइन रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही. म्हणून तर पार्किन्सनमध्ये डोपामाइन न देता लेव्होडोपा देतात, आणि ते वाटेतच संपू नये म्हणून जोडीला कार्बिडोपा. रक्तातला आकडा मेंदूबाहेरच्या शरीराची हकीकत सांगतो, मनाची नाही. सेरोटोनिनचे तेच, शरीरातले ९० टक्क्यांहून जास्त आतड्यात.

पूर्वपक्ष
सेरोटोनिनचा विषय निघालाच आहे तर : २०२२ च्या एका समीक्षेने नैराश्यात सेरोटोनिन कमी असते याला ठोस पुरावा नाही असे म्हटले. मग सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या म्हणजे निव्वळ थाप?

अर्धविराम
दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधताय. ‘कमतरतेमुळे नैराश्य येते’ हे गृहीतक कच्चे आहे, हे त्याआधीही माहीत होते. ट्रिप्टोफॅन (सेरोटोनिनचा कच्चा माल) वगळलेले अमिनो आम्लांचे पेय दिले की पाच-सहा तासांत रक्तातले ट्रिप्टोफॅन बरेच खाली येते. निरोगी माणसाचा मूड सहसा ढळत नाही. एसएसआरआयने बरे झालेल्यांपैकी काहींचा मात्र तात्पुरता ढळतो. यातून औषध सेरोटोनिनवाटे काम करते असे दिसते, आजार त्याच्या कमतरतेने आला असे नाही.

ही समीक्षा वाचून कुणी परस्पर गोळी सोडू नये, म्हणून एक हिशेब. सिटॅलोप्राम या एसएसआरआयची २० मिलिग्रॅम गोळी सेरोटोनिनची सुमारे ८० टक्के वाहकप्रथिने व्यापते. ५ मिलिग्रॅमच्या थोडे वर ६० टक्के. अडीचच्या जरा खाली ४०. म्हणजे २० वरून १० वर येणे मेंदूला फारसे कळत नाही, पण ५ वरून शून्य हा कडेलोट आहे. ‘अर्धी, मग पाव, मग बंद’ या पद्धतीत शेवटची पायरीच सर्वांत उंच असते. कमी करणाऱ्याला चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड होते आणि सगळे म्हणतात, आजार परतला. वेळेवरून फरक ओळखता येतो : काही दिवसांत सुरू झाले, मूळ आजारात नव्हती अशी लक्षणे असली आणि मात्रा परत वाढवल्यावर लगेच शमले, तर विथड्रॉवल. पॅरॉक्सेटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळ्यांत त्रास जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी, कारण त्याचे उपउत्पादन कित्येक आठवडे रेंगाळते.

फिरकी
धागा डोपामाइनवरून सेरोटोनिनवर घसरला. आता ऑक्सिटोसिनवाले येतील, मग आपण संपलो.

काठावरचा
त्याआधी दारूचे लिहून टाकतो, कारण माहितीपत्रिकेत डोपामाइनचाच तक्ता टाकला तर जीव घेणारी गोष्ट बाहेर राहील.

दारू गाबा-ए ग्राहींचा ब्रेक जोरात दाबते आणि एनएमडीए ग्राहींचा अ‍ॅक्सिलरेटर सोडते. रोज पिणाऱ्याचा मेंदू याची भरपाई करतो : ब्रेक सैल, अ‍ॅक्सिलरेटर करकचून. मग दारू एकदम थांबली की उरतो नुसता अ‍ॅक्सिलरेटर. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भ्रमावस्था : भास, ताप, नाडी धावते, वेळकाळाचे भान सुटते. यात मृत्यू येतो. सकाळचा ‘उतारा’ काम करतो तो यामुळेच, तो ब्रेक परत दाबतो. आणि उताऱ्याशिवाय हात थरथरत असतील तर हीच खूण आहे की घरच्या घरी, निश्चयाच्या बळावर एकदम बंद करू नये.

रुग्णालयात दारू सुटल्याचा त्रास मोजणारी दहा प्रश्नांची सीवा मापनश्रेणी असते, कमाल ६७ गुण. त्यानुसार बेन्झोडायझेपिन (मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या) देतात. यकृत खराब असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपाम, कारण त्याचा निचरा यकृताच्या ऑक्सिडेशनवर अवलंबून नाही. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) शिरेतून. ग्लुकोज लागले तर ते त्यासाठी खोळंबवत नाहीत, पण नुसते ग्लुकोजही चालवत नाहीत, थायमिन सोबतच देतात.

त्रिज्या
@काठावरचा, हे पहिल्या पानावर जाईल. अफूवर्गीय पदार्थांसाठीही अशी एखादी गोष्ट?

काठावरचा
तिथे धोका बंद करताना कमी आणि परत घेताना जास्त. काही आठवडे लांब राहिले की सहनशक्ती उतरते, विशेषतः श्वास मंदावण्याबाबतची. जुनी मात्रा घेतली की श्वास थांबतो. नालॉक्सोन (अफूवर्गीयांचा असर उलटवणारे औषध) दिल्यावर शुद्ध आली तरी रुग्णाला एकटे सोडू नये, त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि पदार्थ रक्तात टिकून असू शकतो.

सूक्ष्मतार
तंबाखूचेही एक लिहितो, कारण हे फार चुकते. सिगारेटच्या धुरातली काजळीवर्गीय संयुगे यकृतातले सीवायपी-१ए२ हे विकर वाढवतात. निकोटिन नाही, धूर. सिगारेट सुटली की काही दिवसांत विकर उतरते आणि कॅफिनचा निचरा मंदावतो. तेवढीच कॉफी, पण रक्तातले कॅफिन दुपटीच्या घरात. झोप उडते, हात कापतात, छाती धडधडते आणि माणूस म्हणतो, ‘निकोटिनवाचून हाल होताहेत’. कॉफी निम्मी करा, मग ठरवा. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचे औषध) घेणाऱ्यांत हेच गंभीर होते, पातळी दीडपटीपर्यंत आणि कधी त्याहून जास्त चढते. सिगारेट सोडायचा दिवस ठरला की मानसोपचारतज्ज्ञाला आधी कळवावे. निकोटिनच्या पट्टीने हे टळत नाही.

निकोटिन गम गमासारखा चघळू नये. झणका लागेपर्यंत चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. तोंड आम्लधर्मी असेल तर निकोटिन शोषले जात नाही, म्हणून आधी १५ मिनिटे कॉफी, फळांचा रस बंद. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २.

मृदगंध_०७
आणि ते ‘डोपामाइन उपवास’ प्रकरण? एक दिवस मोबाइल नाही, बोलणे नाही, काही नाही, की ग्राही ताजेतवाने.

दशांश
डोपामाइन एका दिवसाच्या उपवासाने रिकामे होत नाही, आणि झालेच तर तुम्ही अंथरुणातून उठणार नाही. शंखनाद यांचा उंदीर आठवा. त्यातला कामाचा भाग इतकाच की संकेत नजरेआड ठेवणे. तेही नुसत्या दिवसांनी साधत नाही. ग्रिम आणि शाहम यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले की कोकेनची सवय लागलेल्या उंदरांत संकेताने येणारी तलफ पहिल्या दिवसापेक्षा दोन महिन्यांनी जास्त होती. म्हणून ‘महिना झाला, आता सुटलो’ या भरवशावर जुन्या जागी जाणे धोक्याचे.

शंखनाद
याला जोडून : पर्याय दिला तर चित्र पालटते. २००७ मध्ये उंदरांना कोकेन आणि सॅकरिनचे गोड पाणी यातून निवड दिली, ९४ टक्क्यांनी गोड पाणी निवडले. २०१८ मध्ये दार उघडून दुसऱ्या उंदराला भेटण्याचा पर्याय दिला, मेथॅम्फेटामिन मागे पडले. तुमच्या तक्त्याप्रमाणे असे व्हायलाच नको होते. उंच स्तंभ हरला.

त्रिज्या
हे सर्वांत उपयोगी पडले. स्तंभाची उंची आणि निवड यांचा थेट संबंध नाही, तर तो तक्ता कशाला? काढून टाकते. त्या जागी तीन चौकटी : दारू एकदम बंद करताना, अफूवर्गीय परत घेताना, सिगारेट सोडल्यावर कॉफी आणि औषधे. आणि डोपामाइनबद्दल एकच ओळ : ‘डोपामाइन मजा देत नाही, तलफ लावते.’

दशांश
‘आणि शिकवते’.

शंखनाद
‘तलफ लावते आणि तलफेची वाट शिकवते’. आता तरी खूश?

दशांश
‘वाट’ चालेल.

अर्धविराम
मंडळाने तरीही तक्ता छापायचाच धरला, तर निदान उभ्या अक्षाखाली ‘पायारेषा = १००, उंदीर’ एवढे लिहून घ्या.

फिरकी
आणि उंदराचे चित्र काढा. म्हणजे वाचणारा आधी स्वतःकडे बघेल, मग उंदराकडे, मग तक्त्याकडे.